सेकंदाला साडेतीन अब्ज ठोके
(लेखांक ७)

हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी सोलापुरातून निघते, कुर्डुवाडी मागे पडतं आणि डब्यात कुणाचं तरी नेट जातं. शेजारचा म्हणतो, "घ्या, माझं हॉटस्पॉट घ्या." आता त्या शेजाऱ्याच्या फोनची अवस्था पाहा. टॉवरशी तो बऱ्याचदा २३०० ते २४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. आपल्याकडे फोरजी या पट्ट्यावरही चालतं. तुमच्या फोनशी तो बोलतो वायफायवर, म्हणजे २४०० च्या लगेच पुढे. मध्ये कुंपण घालायलाही जागा नाही. एकाच डबीत एक रेडिओ ओरडतोय आणि त्याला खेटून दुसरा बारीक आवाज ऐकायला कान लावून बसलाय. तरी दोघांचं जमतं, कारण मध्ये एक फिल्टर आहे आणि हा फिल्टर चक्क आवाजावर चालतो.

गेल्या आठवड्यात आपण घड्याळातला क्वार्ट्झ पाहिला: सेकंदाला ३२,७६८ कंपनं. दाबलं की वीज आणि वीज दिली की हालचाल, हा पीझो गुण. त्यातला पहिला भाग प्येर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवला. फोनमध्येही हाच गुण कामाला लावतात. रेडिओलहरीचं रूपांतर स्फटिकातल्या आवाजात करायचं, हवा तेवढा सूर घुमू द्यायचा आणि पुन्हा वीज करून घ्यायची.

हा द्राविडी प्राणायाम जागेसाठी. २.३५ गिगाहर्ट्झची रेडिओलहर हवेत सुमारे पावणेतेरा सेंटिमीटर लांब असते, तिला घुमवणारा डबा खिशात मावायचा नाही. स्फटिकात आवाज सेकंदाला चार ते अकरा किलोमीटर धावतो, म्हणजे प्रकाशापेक्षा हजारो पटींनी सावकाश. तीच वारंवारिता ठेवली की लहर काही मायक्रॉनांत बसते. शिवाय चांगला स्फटिक एकदा हलला की हजारेक हेलकावे तरी सूर सोडत नाही. चिपवरच्या तारेच्या वेटोळ्याचा दम दहा-वीस हेलकाव्यांतच संपतो.

मग घड्याळातला क्वार्ट्झच बारीक करून का वापरत नाहीत? करून पाहिलं, पण घासण्याला मर्यादा आहे. रेडिओत नेहमी वापरतात तो क्वार्ट्झचा काप एक मिलिमीटर जाड असेल तर सेकंदाला सुमारे १६.६ लाख वेळा कंप पावतो. जाडी निम्मी केली की वेग दुप्पट. ३३ मेगाहर्ट्झला तो ५० मायक्रॉनांवर येतो, केसाहूनही पातळ. फाइव्हजीच्या साडेतीन गिगाहर्ट्झला तो अर्ध्या मायक्रॉनाचा करावा लागेल. इतकं घासणारा कारागीर आणि इतकं सोसणारा दगड, दोन्ही मिळणार नाहीत. म्हणून दिशाच उलटवली: घासून उतरवण्याऐवजी सिलिकॉनच्या चकतीवर ॲल्युमिनियम नायट्राइडचा थर निर्वात पेटीत अणू-अणूने चढवायचा. खाली धातू, वर धातू, मध्ये हा पडदा. पडद्याची जाडी म्हणजे अर्धी लहर. साडेतीन गिगाहर्ट्झला ती साधारण दीड मायक्रॉन भरते, धातूंचं ओझं धरलं तर त्याहून कमी.

पडदा टेकवायचा कशावर, हा पुढचा प्रश्न, आणि पंढरीच्या वाटेवरच्या कुठल्याही वारकऱ्याला त्याचं उत्तर ठाऊक आहे. टाळ दोरीने धरतात. तळव्यात घट्ट पकडला तर नुसता ठक्क वाजतो. पडदा थेट सिलिकॉनवर ठेवला तर आवाज खाली झिरपून जातो. म्हणून पडद्याखाली पोकळी कोरतात, कडेने तेवढा आधार. हवेशी गाठ पडली की घन पदार्थातला आवाज जवळजवळ पूर्ण माघारी फिरतो. दुसरी तऱ्हा अशी, की पोकळी न कोरता खाली टंगस्टन आणि काच यांचे आळीपाळीने थर द्यायचे, ते आवाज परतवतात. (टाळाचा दाखला मात्र इथेच सोडा. टाळ जाड केला तर सूर चढतो, कारण तो वाकून वाजतो. आपला पडदा दबून-फुगून वाजतो, तो पातळ केला तर चढतो.)

एका पडद्याने फिल्टर होत नाही. अनेक पडदे शिडीसारखे जोडतात, उभ्या दांड्यातले थोडे चढे, पायऱ्यांतले थोडे उतरे. उतरवायची युक्ती पखवाजाची: डाव्या पुडीला कणीक लावली की सूर खाली येतो. इथे कणकेच्या जागी धातूचा जास्तीचा पातळ थर. उलट जाडी एक टक्का चुकली तर साडेतीन गिगाहर्ट्झवर सूर ३५ मेगाहर्ट्झने सरकतो आणि शेजाऱ्याच्या अंगणात जातो. म्हणून चकती तयार झाल्यावर जागोजाग मोजून आयनांच्या झोताने खरवडतात.

दुसरं घराणं पृष्ठभागावरच्या लहरींचं. लिथियम नायोबेट किंवा टँटॅलेटच्या चकतीवर धातूच्या दोन फण्या एकमेकींत दात घालून काढतात. मागावरची फणी ज्याने पाहिली आहे त्याला चित्र सांगायला नको. लहरीची लांबी दातांच्या अंतरावरून ठरते. दात लहरीच्या चौथाईएवढा: दोन गिगाहर्ट्झला अर्धा मायक्रॉन, साडेतीनला पाव मायक्रॉनच्या आसपास. करायला स्वस्त, पण वर जावं तसे दात इतके बारीक होतात की त्यांच्यातली वीज उष्णतेतच खर्च होते.

उष्णता निघालीच आहे तर सोलापूरकरांनी हेही ऐकावं. तापलं की हे स्फटिक ढिले पडतात आणि सूर उतरतो. ॲल्युमिनियम नायट्राइड अंशामागे दशलक्षात पंचवीस-तीस भाग, लिथियम नायोबेट त्याहून बरंच अधिक. मेमधल्या ४३ अंशांत फोन डॅशबोर्डवर राहिला तर सूर काही मेगाहर्ट्झ घसरायला वेळ लागत नाही. उपाय सुरेख आहे. सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे काचच, तापल्यावर उलट ताठ होते. तिचा थर दिला की दोघांची वजाबाकी होते, फक्त पीझो जोर थोडा कमी पडतो.

जोराची उणीव २००९ मध्ये मोरितो अकियामा आणि सहकाऱ्यांनी जपानात भरून काढली. ॲल्युमिनियमच्या काही जागी स्कॅन्डियम घातलं, तर पीझो प्रतिसाद पाचपट झाला. जोर जास्त म्हणजे पट्टा रुंद, आणि फाइव्हजीला रुंद पट्टेच हवेत. बदल्यात स्फटिक मऊ पडतो, आवाज सावकाश धावतो, घुमण्याचा दमही घटतो.

भारतात २०२२ च्या लिलावात २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही विकला गेला. तिथे आवाजाचे फिल्टर नेणं हे अजून मुख्यतः प्रयोगशाळांचं काम आहे. पडदा ०.२ मायक्रॉनांवर येतो, पण खरी अडचण क्षेत्रफळाची. ५० ओहमच्या परिपथाशी जुळवायचं तर ते वारंवारितेच्या वर्गाने घटतं. दोन गिगाहर्ट्झला दीडशे मायक्रॉनांचा चौकोन, २६ ला बारा मायक्रॉनांचा. एवढ्याशा तुकड्यात कडाच जास्त, आणि आवाज गळतो तो कडांतूनच. सगळी शक्तीही त्याच ठिपक्यात तापते.

म्हणून सध्या अनेक थर एकावर एक रचून पाहताहेत, प्रत्येकाचा ध्रुव आधीच्याच्या उलट. एक थर दबतो तेव्हा पुढचा फुगतो, आणि ध्रुव उलटे असल्याने वरून-खालून दिलेली एकच वीज सगळ्यांना एकदम हलवते. सूर एका थराच्या जाडीचाच राहतो. एकूण जाडी मात्र वाढते, म्हणून क्षेत्रफळही मोठं ठेवता येतं. एकटी कडक भाकरी हातात घेतली की मोडते, पण तिची चळत बांधून पुण्याला नेता येते, तसंच काहीसं.