कॉफी बीन्स कुठले आणि कुठून घ्यायचे? १७ किलो वाया घालवल्यानंतरचं माझं उत्तर



"ताई, कॉफी काउंटर टाकायचंय, बीन्स कुठले घेऊ?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. बीन्सची नावं मी सांगणारच आहे, दुकानंही सांगणार आहे. पण त्याआधी माझी फजिती ऐका, म्हणजे ती नावं मी का घेते ते कळेल.

२०१९ साली माझ्या ड्रायफ्रूटच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात मी फिल्टर कॉफीचं काउंटर सुरू केलं. एका प्रदर्शनात एक घाऊक विक्रेता भेटला. चकचकीत पिशव्या, शंभर टक्के अरेबिका, लाइट रोस्ट, वर "मॅडम, तीस किलो घेतलं तर रेट ७८०". मी तीस किलो उचलले. २३,४०० रुपये रोख. बीबीएला इन्व्हेंटरीच्या पेपरात मला चांगले मार्क होते, हे इथे मुद्दाम सांगते!

पहिल्याच आठवड्यात आमचे एक नेहमीचे गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षक, घोट घेऊन म्हणाले, "कॉफी घालायची राहिली का गं?" माल खराब नव्हता. पण आमच्या सांगलीत कॉफी म्हणजे दूध, साखर आणि त्यातून वर येणारा कडक कडूपणा. लाइट रोस्टची नाजूक, फळासारखी आंबटगोड चव दुधाखाली दबून गेली. लोक एकदा प्यायचे आणि पुढच्या वेळी चहा मागायचे. दोन महिन्यांनी उरलेल्या पिशव्या उघडल्या तर जुन्या पुठ्ठ्यासारखा वास. १७ किलो शिल्लक. हिशोब केला तर १३,२६० रुपये, म्हणजे तेव्हाचं माझं दोन महिन्यांचं भाडं. पिशवीवर 'बारा महिने उत्तम' छापलेलं होतं, ते खोटंही नव्हतं. कॉफी पोटाला बाधत नाही, फक्त तिच्यातला वास निघून जातो. आणि आपण विकतो तो वासच.

तेव्हापासून पिशवी हातात घेतली की मी आधी एकच गोष्ट शोधते: भाजल्याची तारीख. एक्स्पायरी नाही, भाजल्याची तारीख. ती छापलेली नसेल आणि विचारल्यावर विक्रेता "फ्रेशच आहे की" म्हणाला, तर तिथून निघा. भाजल्यानंतर चार-पाच दिवस बीन्समधून गॅस निघत असतो, तेवढे दिवस थांबायचं, आणि पुढच्या महिनाभरात संपवायचं. दळलेली पावडर तर त्याहून लवकर उतरते. म्हणून ग्राइंडर घ्या, बीन्स घ्या आणि रोजच्यापुरतं रोज दळा. पावसाळ्यात डबा घट्ट बंद हवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढला की दाण्यांना ओल धरते.

पिशवीवरची भाषा

बाजारात गेलात की 'प्लँटेशन ए', 'पीबी', 'रोबस्टा चेरी' असे शब्द कानावर येतील. घाबरू नका. 'प्लँटेशन' म्हणजे धुऊन, गर काढून वाळवलेली अरेबिका. रोबस्टा त्याच पद्धतीने केली की तिला 'पार्चमेंट' म्हणतात. 'चेरी' म्हणजे फळ सालीसकट उन्हात वाळवलेलं. 'एए', 'ए', 'बी' हे दाण्याचे आकार. मोठा दाणा दिसायला छान आणि महागही, पण चव त्याच प्रमाणात वाढत नाही. आपण शेवटी दळणारच आहोत!

'पीबी' म्हणजे पीबेरी. कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात, काही फळांत एकच गोल बी तयार होते, ती पीबेरी. गोल असल्यामुळे ती चांगली सारखी भाजली जाते असं भाजणारे सांगतात. चिकमगळूरकडची प्लँटेशन पीबी, मध्यमपेक्षा जरा गडद भाजलेली, हा माझा सगळ्यात आवडता दाणा. घरी मी हीच पिते.

पण काउंटरवर नुसती पीबी नाही. निम्मी पीबी आणि निम्मी रोबस्टा पार्चमेंट. रोबस्टाचं नाव काढलं की नवीन कॉफीप्रेमी नाक मुरडतात. मुरडू द्या. भारतात पिकणाऱ्या कॉफीत साधारण ७० टक्के रोबस्टाच असते आणि कोडगू-वायनाडची नीट धुतलेली रोबस्टा ही दुधाच्या कॉफीची खरी ताकद आहे. कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, अंगाने दाट, दुधात हरवत नाही, आणि भाव कमी. मला हे कळायला १७ किलो लागले.

बाकी दोन नावं पटकन. मान्सून मलबार: कर्नाटकाच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर गोदामात पसरून दमट वाऱ्यावर फुगवलेले फिकट पिवळट बीन्स. आंबटपणा जवळपास जातो, ज्यांना ॲसिडिटीची तक्रार असते त्यांना चव मवाळ लागते. आंध्रातली अराकू व्हॅलीची अरेबिका, तिथले आदिवासी शेतकरी पिकवतात: काळी, बिनदुधाची पिणाऱ्यांसाठी मी पाव किलो ठेवते. माझ्याकडे अशी चारच माणसं आहेत.

आता चिकोरी. ती कॉफी नाही, एका झाडाचं भाजलेलं मूळ आहे. रंग आणि दाटपणा देते, कॅफिन नसतं. वाईट अजिबात नाही, पण नियम पाळा: कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि प्रमाण लेबलवर छापावं लागतं. माझ्या पाकिटात ८०-२० आहे आणि तसं ठळक लिहिलेलं आहे. 'प्युअर' सांगून चिकोरी विकणारे आहेतच. पण दाक्षिणात्य घरात वाढलेलं गिऱ्हाईक एका घोटात ओळखतं आणि परत येत नाही.

घ्यायचं कुठून

सुरुवातीला चव शिकण्यासाठी मुंबईत असाल तर माटुंग्याला जा. म्हैसूर कन्सर्न्ससारख्या जुन्या दुकानात तुमच्यासमोर दळून देतात, प्रमाण सांगाल तसं. पाव-पाव किलो घ्या, मोठ्या गप्पा मारू नका, फक्त शेजारचं गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐका. माझं निम्मं शिक्षण असं झालं.

ऑनलाइन घ्यायचं तर भाजल्याची तारीख छापणारे रोस्टर बघा. ब्लू टोकाई, मुंबईचं सबको, आणि आपल्या विदर्भातल्या मंडळींना जवळचं म्हणजे नागपूरचं कॉरिडॉर सेव्हन. भाव जास्त वाटेल. पण पहिले सहा महिने थोडं थोडं घेताना तोच स्वस्त पडतो, कारण काही फेकावं लागत नाही.

खप स्थिर झाला की मग चिकमगळूर. मिरजेहून बेंगळुरूकडे जाणारी गाडी पकडायची, कडूरला उतरायचं, तिथून साधारण ४० किलोमीटर. याच डोंगरांत सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणून लावल्या अशी आख्यायिका आहे. गावात पांडुरंगा कॉफीसारखी दुकानं आहेत, भाजण्याचा वास रस्त्यावर येतो. मी दोन-तीन ठिकाणी चव घेऊन एका छोट्या भाजणाऱ्याशी बोलणं केलं. आता दर पंधरा दिवसांनी पाच किलो येतात, भाजल्यावर दुसऱ्या दिवशी पार्सल. तिथे गेल्यावर कच्चे, हिरवे बीन्स स्वस्त दिसतील आणि "आपणच भाजू" असा मोह होईल. भाजताना वजन १५ ते २० टक्के घटतं, मशीन आणि हात बसायला लागणारा वेळ वेगळा. पहिल्या वर्षी तरी नको.

आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते, महाराष्ट्रात तीच काय ती. गेलात तर जरूर घ्या, पण माल इतका थोडा आहे की त्यावर दुकान उभं करता येणार नाही.

पैशांचं गणित

मी एका कपाला १२ ग्रॅम पावडर धरते. एक किलोत ८३ कप. समजा एक बीन ६०० रुपये किलो आणि दुसरा ९०० रुपये. कपामागे ७ रुपये २० पैसे आणि १० रुपये ८० पैसे. फरक ३ रुपये ६० पैसे. दिवसाला ४० कप, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३,७४४ रुपये. आता हे ३,७४४ रुपये तुमच्या गिऱ्हाइकाच्या जिभेला कळतात का, हे रोस्टर सांगू शकत नाही, मीही सांगू शकत नाही.

ते मी असं शोधलं. तीन मिश्रणं केली, तीन ग्लासांखाली चिठ्ठ्या चिकटवल्या आणि रोजच्या वीस गिऱ्हाइकांना फुकट पाजली. दूध-साखर त्यांच्या नेहमीच्या प्रमाणात. भाव कुणाला सांगितला नाही. एकूण खर्च पाचशेच्या आत. वीसपैकी तेरा जणांनी जो ग्लास परत मागितला, तो सगळ्यात महाग नव्हता, सगळ्यात स्वस्तही नव्हता. तोच निम्मी पीबी, निम्मी रोबस्टा.

सर त्या दिवशी शेवटी आले. तिन्ही ग्लास प्यायले, मधल्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आता घातलीस बघ." दर महिन्याच्या एक तारखेला ते त्याच मिश्रणाचं अर्धा किलोचं पाकीट घरी नेतात. आणि अजूनही पैसे देण्याआधी पाकीट उलटं करून तारीख वाचतात.