शिकाऊ डॉक्टरांची वही कोणी वाचावी?

इस्पितळातील खाटेभोवती गळ्यात नळी अडकवलेल्या पाचसहा मुलांचा घोळका आपण पाहिलाच असेल. एकजण पोट चाचपतो, दुसरा प्रश्न विचारतो, बाकीचे बघत राहतात. ही मुले खरोखर शिकली की नाही, हे ठरवायचे कसे?

परीक्षेने ठरवावे, असे आपण म्हणाल. परंतु जॉर्ज मिलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९९० साली एक भेद दाखविला. माहिती असणे निराळे, ती कशी वापरावी हे कळणे निराळे, करून दाखविणे निराळे, आणि रोजच्या कामात ते प्रत्यक्ष करणे त्याहून निराळे. पोहण्याचे पुस्तक पाठ केलेला माणूसही विहिरीत बुडतोच की! ही चौथी पायरी परीक्षेच्या दालनात दिसत नाही. ती वॉर्डातच दिसावयाची.

म्हणून वही आली, आणि पुढे ती संगणकावर गेली. तिलाच इलेक्ट्रॉनिक पोर्टफोलिओ म्हणतात. ब्रिटनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या नवोदित डॉक्टरांच्या दोन वर्षांच्या पायाभूत प्रशिक्षणात तो ठेवावा लागतो. कोणते रुग्ण पाहिले, खाटेशी उभे राहून शिक्षकाने काय पाहिले व काय सुचविले, हे त्यात येते. कागदी वही हरवते. शिवाय वर्षअखेरीस एका बैठकीत साऱ्या सह्या उरकणारे गुरुजन कोठे नसतात? संगणक निदान नोंदीची तारीख तरी धरून ठेवतो.

पण त्यात आणखी एक गोष्ट लिहावयाची असते : माझे काय चुकले, आणि त्यातून मी काय शिकलो. खरी अडचण येथेच आहे.

२०११ साली लेस्टर येथे जंतुदोषाने एका सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला २०१५ साली न्यायालयाने दोषी ठरविले. जानेवारी २०१८ मध्ये तिचे नाव वैद्यकीय नोंदणीतून कमी झाले. ऑगस्टमध्ये अपिलात तो निर्णय फिरला. तिने प्रांजळपणे लिहिलेलेच तिच्यावर उलटले, अशी समजूत डॉक्टरांत पसरली. वस्तुतः पोर्टफोलिओतील तिचे आत्मचिंतन ज्यूरीपुढे पुरावा म्हणून आलेच नव्हते. तरीही भीती राहिली. त्याच वर्षी तेथील जनरल मेडिकल कौन्सिलने इतर संस्थांसह मार्गदर्शन काढले : रुग्णाची ओळख पटेल असे लिहू नये, आणि घटनेच्या तपशिलापेक्षा त्यातून काय शिकलो यावर भर द्यावा.

आपल्याकडेही २०१९ पासूनच्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने लॉगबुक ठेवावयाचे आहे. ती वही उद्या संगणकावर गेली, तर आम्हांस वाटते की तिला दोन कप्पे असावेत. कौशल्यांच्या नोंदी परीक्षकाने खुशाल पाहाव्यात. चुकांची पाने मात्र गुण न देणाऱ्या एखाद्या शिक्षकानेच वाचावीत. जो वाचणार तोच नापास करणार असेल, तर मुलगा गोड गोड लिहील, आणि मग शिक्षकाला वॉर्डात काय घडले ते कळावयाचे कसे? आणि खाटेवरच्या माणसाचे नाव वा छायाचित्र यांपैकी कोणत्याही कप्प्यात जाता कामा नये.