एका कॅप्सूलची सुरगाण्यापर्यंतची वाट

१८६९ साली जर्मनीत दोन शोध लागले. त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल. फ्रीडरिश मीशर या तरुण स्विस डॉक्टरनं ट्युबिंगनच्या प्रयोगशाळेत जखमांच्या पट्ट्यांवरचा पू धुऊन काढला आणि त्यातल्या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकातून फॉस्फरस असलेलं एक द्रव्य वेगळं केलं. त्यालाच आज आपण डीएनए म्हणतो. त्याच वर्षी ड्रेसलर आणि स्टाइन यांनी हायड्रॉक्सियुरिया नावाचा एक साधा रेणू तयार केला. आज नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा किंवा कळवण तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर सिकलसेलग्रस्त मूल असेल, तर त्याच्या दुखण्याचं मूळ पहिल्या शोधात सापडतं आणि औषध दुसऱ्यात.

मीशरच्या द्रव्याची उकल व्हायला ऐंशी-नव्वद वर्षं गेली. आल्ब्रेख्ट कोसेल यांनी त्यातल्या नायट्रोजनयुक्त बेसेसचा अभ्यास केला आणि १९१० चं नोबेल मिळवलं. फीबस लेवीन यांनी १९२९ मध्ये त्यातली साखर ओळखली, ती डीऑक्सिरायबोज. साखर, फॉस्फेट आणि ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन या चारांपैकी एक बेस मिळून एक न्यूक्लिओटाइड होतो. असे न्यूक्लिओटाइड एकापुढे एक जोडत डीएनएची साखळी बनते. ही जोडणी करणारं एन्झाइम, म्हणजे डीएनए पॉलिमरेज, आर्थर कोर्नबर्ग यांना १९५६ मध्ये सापडलं.

पण जोडायला लागणारे न्यूक्लिओटाइड पेशी आणते कुठून? मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. स्वीडनमध्ये पेटर राइखार्ड यांच्या गटानं १९६० च्या सुमारास त्याचं उत्तर शोधलं. पेशी डीएनएचे न्यूक्लिओटाइड मुळापासून बनवत नाही. ती आधी आरएनएचे बनवते आणि मग त्यांच्या साखरेतला एक ऑक्सिजन काढून घेते. हे काम रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज नावाचं एन्झाइम करतं. ते थांबलं की डीएनएचा कच्चा माल आटतो आणि पेशीचं विभाजन अडतं. हायड्रॉक्सियुरिया नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतं. म्हणूनच या औषधाचा पहिला उपयोग रक्ताच्या कॅन्सरवर झाला.

सिकलसेलची कथा दुसऱ्या बाजूनं पुढे सरकत होती. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या लाल पेशींची नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे दाखवलं आणि १९५७ पर्यंत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो एका अमिनो आम्लापर्यंत आणून ठेवला. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एका जागी ॲडेनिनऐवजी थायमिन येतो, बदल तेवढाच. त्यामुळे ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या ताठ काड्या होतात, पेशी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी लाल पेशी इथे १० ते २० दिवसांत संपते.

भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळला, महाराष्ट्रात १९५८ मध्ये नागपुरातून त्याची नोंद झाली. पुढे पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी राज्यातल्या आदिवासी भागांत फिरून तपासण्या केल्या आणि या आजाराचा नकाशा उभा केला. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सिकलसेल हा फक्त विदर्भाचा प्रश्न नाही, हे सांगणारं त्यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. नाशिक जिल्ह्याची चौथाई लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. त्यात कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल आहेत, आणि सिकलसेल नियंत्रणाच्या जिल्ह्यांत नाशिकही आहे.

इथल्या जगण्यात या आजाराला चिथावणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत. भात निघाला की पेठ-सुरगाण्याची कुटुंबं सावळघाट चढून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला येतात. निफाडला हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या खाली जातो. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, दिवसभर राबताना पाणी पिणं राहतं, रक्त दाट होतं आणि हाडांतल्या वेदनांचा झटका येतो. अशा वेळी माणूस कामचुकार ठरतो, यासारखा अन्याय नाही.

औषधाचा धागा १९४८ मध्येच हाती आला होता. न्यूयॉर्कच्या जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं, की तान्ह्या बाळांना हा त्रास होत नाही, कारण त्यांच्या रक्तात अजून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असतं. ते प्रौढांत परत वाढवता येईल का, असा प्रश्न उरला. डीएनएचा कच्चा माल थोडा आवळला की अस्थिमज्जेतून असं हिमोग्लोबिन जास्त असलेल्या पेशी येतात. म्हणून १९८४ मध्ये हायड्रॉक्सियुरिया पहिल्यांदा सिकलसेलच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. १९९५ मध्ये अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषध न मिळालेल्यांना वर्षाला साधारण साडेचार वेदनांचे झटके आले, औषध घेणाऱ्यांना अडीच. फायदा इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. १९९८ मध्ये तिथे मंजुरी मिळाली.

त्यानंतरच्या पंचवीस वर्षांबद्दल मात्र मला खेद वाटतो. औषध भारतात होतं, महागही नव्हतं. पण ‘कॅन्सरची गोळी’ ही भीती त्याच्यासोबत चालत राहिली. शिवाय विभाजन थोपवणारं औषध पांढऱ्या पेशीही कमी करतं, म्हणून ठरावीक काळानं रक्तपेशींची मोजणी लागते. ती सोय नसेल तर डॉक्टर औषध लिहायला धजावत नाहीत, आणि तालुक्याला जाऊन यायचं तर मजुरी बुडते. मोठ्यांना गर्भधारणेच्या काळात ते थांबवावं लागतं, हेही कुणीतरी समजावून सांगावं लागतं.

तपासणीला वेग आला तो राज्याचा कार्यक्रम २००८ च्या सुमारास सुरू झाल्यावर. आधी सोल्युबिलिटी टेस्ट, मग पक्क्या निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. राज्यभरच्या शासकीय आश्रमशाळांचा कारभार पाहणारं आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. मुलं तिथे एका छताखाली असतात, त्यामुळे एसएस म्हणजे रुग्ण कोण आणि एएस म्हणजे वाहक कोण, हे लग्नाच्या वयाच्या कितीतरी आधी कळू शकतं. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पहिल्या तीन वर्षांत ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं लक्ष्य होतं, आणि २०४७ ही मुदत आजाराच्या निर्मूलनाची.

२०२३ मध्येच ८ डिसेंबरला अमेरिकेत कॅस-९ या एन्झाइमनं जनुकाला काट मारून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करणाऱ्या उपचाराला मंजुरी मिळाली. त्याची किंमत २२ लाख डॉलर. सुरगाण्याच्या मुलासाठी जवळची गोष्ट अजूनही कॅप्सूलच आहे. पण ती बहुधा ५०० मिलिग्रॅमची येते आणि दहा-बारा किलोच्या मुलाला लागतात साधारण दोनशे मिलिग्रॅम. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२३ मध्ये मुलांसाठी कमी मात्रेचं तोंडी औषध बनवायला कंपन्यांना बोलावलं. तसं औषध आणि पेशी मोजणारं यंत्र, दोन्ही सुरगाणा तालुक्यातल्या बोरगाव-उंबरठाणच्या आरोग्य केंद्रांत एकत्र असायला हवीत.