दिवस राहण्याआधी, दोघांनी

झिकाच्या बातम्या आता सगळ्यांच्या वाचून झाल्या आहेत. 2024 मध्ये 2 जुलैपर्यंत महाराष्ट्रात 8 रुग्ण सापडले: पुण्यात 6, कोल्हापूर आणि संगमनेरला एकेक. दुसऱ्याच दिवशी केंद्राने सर्व राज्यांना सूचना धाडल्या. गरोदर बायकांची तपासणी करा, लागण झालेली असेल तर गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवा, दवाखान्यांच्या आवारात एडिस डास होऊ देऊ नका. सूचना रास्तच आहेत. पण ज्यांना येत्या दोन-चार महिन्यांत मूल हवं आहे आणि अजून दिवस राहिलेले नाहीत, त्या जोडप्यांसाठी त्यात फारसं काही नाही. वास्तविक सगळ्यात जास्त करता येण्यासारखं त्यांच्याच हातात असतं.

पुण्यात लेक, भाऊ किंवा सासर नाही असं मराठी घर हैदराबादच्या हिमायतनगरात शोधावं लागेल. नोकरीसाठी पुणे-हैदराबाद ये-जा करणारी तरुण मंडळीही कमी नाहीत. म्हणून पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावाची आठवण इथे करून द्यायला हवी. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै 2021 मध्ये याच गावात सापडला. आरोग्य खात्याने डासांचा बंदोबस्त केलाच, शिवाय गावातल्या पुरुषांना निरोध वाटले आणि काही महिने गर्भधारणा टाळा, असं जोडप्यांना सांगितलं. खेड्यात हा विषय चारचौघांत काढणं सोपं नव्हतं, तरी तो काढला गेला.

कारण झिका फक्त डासातून येत नाही. हा विषाणू वीर्यात बराच काळ टिकतो आणि शरीरसंबंधातून बायकोपर्यंत पोचतो. लागण झालेल्या बहुतेकांना ताप, पुरळ, काहीच जाणवत नाही, त्यामुळे 'मला तर काही झालं नव्हतं' या शब्दावर विसंबता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा: झिका पसरलेल्या भागातून परतल्यावर पुरुषाने 3 महिने आणि स्त्रीने 2 महिने निरोध वापरावा किंवा संबंध टाळावा, लक्षणं असोत वा नसोत. झिकावर आज लस नाही, खास औषधही नाही. गर्भाला लागण झाली तर बाळाचं डोकं लहान राहू शकतं, मेंदूची वाढ खुंटू शकते. अशा वेळी 'गेल्या तीन महिन्यांत कुठे जाऊन आलात?' हा प्रश्न नवऱ्यालाही विचारायला हवा. आपल्याकडे तो बहुधा दवाखान्याबाहेर गाडी लावायला थांबलेला असतो.

झिका नवा आहे म्हणून त्याची धास्ती मोठी. मला जास्त काळजी वाटते ती जुन्या रुबेलाची, ज्याला आपण जर्मन गोवर म्हणतो. 1941 मध्ये सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकापाठोपाठ एक येऊ लागली. त्यांनी आयांची विचारपूस केली. बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला जर्मन गोवर होऊन गेला होता. ग्रेग यांनी 78 बाळांची नोंद मांडली. अनेकांच्या हृदयातही दोष होता. आईच्या अंगावरचं दोन-तीन दिवसांचं पुरळ बाळाची दृष्टी नेऊ शकतं, हे जगाला कळलं ते एका डॉक्टरने आयांचं बोलणं मनावर घेतलं म्हणून. पुढे या बाळांत बहिरेपणाही आढळला. पहिल्या तीन महिन्यांत, त्यातही सुरुवातीच्या आठवड्यांत लागण झाली तर धोका सर्वाधिक.

रुबेलावर मात्र उत्तम लस आहे. आता हिशोब बघा. सरकारची गोवर-रुबेला मोहीम तेलंगणात ऑगस्ट 2017 मध्ये आणि महाराष्ट्रात 27 नोव्हेंबर 2018 ला सुरू झाली, 9 महिने ते 15 वर्षांच्या मुलामुलींसाठी. म्हणजे आज आई होण्याच्या वयातल्या बहुतेक मुली त्या मोहिमेतून वयानेच वगळल्या गेल्या. काहींना खासगी डॉक्टरांकडे एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) मिळाली असेल, काहींना लहानपणी आजार होऊन गेला असेल. बाकीच्यांचं काय? लसीचं कार्ड सापडत नसेल तर रक्त तपासून घ्या किंवा सरळ लस टोचून घ्या; आधी घेतलेली असली तरी पुन्हा घेतल्याने अपाय होत नाही. ही जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ देत नाहीत. कांजिण्यांच्या लसीलाही हाच नियम. चुकून मधेच दिवस राहिले तर तेवढ्यावरून गर्भपात करण्याचं कारण नाही.

हिमायतनगरात लिबर्टीपासून नारायणगुड्याच्या पुलापर्यंत चालत गेलं तर दवाखाने आणि प्रयोगशाळांच्या पाट्या पावलापावलावर दिसतात. तिथे सहज हातात पडणारा कागद म्हणजे 'टॉर्च'चा, म्हणजे रुबेलासारख्या गर्भाला अपाय करणाऱ्या संसर्गांच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट. त्यातले दोन रकाने नीट वाचायला शिका. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेला किंवा लस लागू पडली. रुबेलाच्या बाबतीत ही आनंदाची बातमी. आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर संसर्ग अलीकडचा असू शकतो, पण तो आकडा फसवाही असतो, खात्री करावी लागते. एकदा गर्भ पडला की सरसकट 'टॉर्च' करायची आणि नुसत्या आयजीजीवर औषधांचा कोर्स सुरू करायचा, ही पद्धत बंद झाली पाहिजे. त्यात पैसा जातो, आणि दोष आपल्यातच आहे असं त्या बाईच्या मनात बसतं ते वेगळंच.

बाकीचं थोडक्यात. हिपॅटायटिस बी, एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी दोघांनी करावी. मांस पूर्ण शिजवून खावं, दूध उकळून प्यावं. एडिस दिवसा चावतो, तेव्हा रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. कूलर, कुंड्यांखालच्या बश्या आणि गच्चीवरचे पिंप आठवड्यातून एकदा कोरडे करायला हवेत. डेंग्यूचाही डास तोच.

लग्न जमवताना आपण पत्रिका, पगार आणि फ्लॅट बघतो. त्या बैठकीत लसीच्या कार्डाचाही विषय निघाला तर कुणाचा अपमान होत नाही. आणि सरकारने एक काम तातडीने करावं: 2017-18 मध्ये वयामुळे सुटलेल्या मुलींना कॉलेजांत, कारखान्यांत, आयटी कंपन्यांत गाठून रुबेलाची लस फुकट द्यावी. बेलसरला घरोघर जाऊन नाजूक विषय काढणारं आरोग्य खातं हेही करू शकतं. पाळी चुकल्यावर डॉक्टरांकडे धावण्यापेक्षा तीन महिने आधी, दोघांनी मिळून गेलेलं बरं.