बोटीसाठी बॅटरी घेताना

इंग्लंडच्या कालव्यांवर जेमतेम सात फूट रुंदीच्या नॅरोबोटींमध्ये हजारो लोक बारमाही राहतात. दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज सगळं बॅटरीवर. ती बदलायची वेळ आली की स्वस्तातली गाडीची बॅटरी घ्यायचा मोह होतो. तो टाळावा. गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटा भरपूर असतात. इंजिन सुरू करायला काही सेकंद प्रचंड करंट देणं, एवढंच त्यांचं काम. तासन्‌तास वीज ओढली की त्यांच्यावरचा लेप झडतो. बोटीला जाड प्लेटांची 'डीप सायकल' बॅटरी हवी. आपल्या घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी याच जातीची.

साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर ११० अँपिअर-तास लिहिलेलं असलं तरी त्यातले निम्मेच वापरावेत. काही तास लोड आणि चार्जिंग दोन्ही बंद ठेवून मल्टिमीटर लावा: १२.७ व्होल्ट म्हणजे फुल, १२.१च्या आसपास म्हणजे निम्मी उतरलेली. तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात. माझ्या मते बॅटऱ्या वयापेक्षा उपासमारीनेच जास्त मरतात.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते आणि कितीतरी जास्त टिकते. पण ती शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, आणि तिच्या भुकेने अल्टरनेटर तापतो, त्याची सोय आधी करावी लागते. बोटीवरच राहणाऱ्याला ती अखेर स्वस्त पडते; सुट्टीपुरतं फिरणाऱ्याने साधीच घ्यावी. मात्र जुन्या बॅटऱ्यांच्या जोडीला एखादीच नवी लावू नये. जुनी नवीलाही खाली ओढते.