बादलीतलं विरजण

विरजण संपलं तर आपण काय करतो? वाटी घेऊन शेजारी जातो. पण शेजारच उरला नाही तर? अख्खं शहर पेटलं, तर घरातून काय उचलून बाहेर पडाल? दागिने? पासबुक? मुलांची सर्टिफिकिटं? अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात लुईस बूदीन या बाईंनी उचलली ती आंबवलेल्या पिठाची बादली!

फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या पाव भाजणाऱ्या घराण्यातला इझिडोर बूदीन याने १८४९ साली तिथे बेकरी काढली. सोनं शोधायला माणसांची झुंबड उडाली होती तो हा काळ. खाणीवरची माणसं आंबट पिठाचा पाव खात. इझिडोरने ते आंबट पीठ घेतलं आणि त्याला घरची फ्रेंच पद्धत लावली. रोज पीठ मळायचं, त्यातला गोळा मागे ठेवायचा, दुसऱ्या दिवशी तो नव्या पिठात घालायचा. अगदी आपल्या विरजणासारखंच! या गोळ्याला तिथे ‘मदर डो’ म्हणतात. म्हणजे आईच म्हणा ना!

१८८७ साली इझिडोर वारला. लुईसबाई रडत बसल्या नाहीत. मुलांना हाताशी धरून त्यांनी भट्टी चालू ठेवली. मग १८ एप्रिल १९०६ची पहाट उजाडली. पाच वाजून बारा मिनिटांनी धरणी हादरली, पाठोपाठ आगी लागल्या. सुमारे तीन हजार माणसं गेली, अठ्ठावीस हजारांवर इमारती बेचिराख झाल्या. त्या धांदलीत लुईसबाईंनी बादलीत घालून आईपीठ वाचवलं, असं बेकरीत आजही अभिमानाने सांगतात. भट्टी पुन्हा बांधता येते हो, पण इतक्या वर्षांचं विरजण कुठून आणायचं?

१९४१ साली बेकरी स्टीव्हन जिरॉडो यांनी घेतली. हे इटलीहून आलेले कारागीर. अमेरिकेतली त्यांची पहिली नोकरी याच बेकरीतली! घराणं बदललं, पण पीठ तेच राहिलं. आता बूदीनच्या उपाहारगृहांत पावाबरोबर आंबट पिठाचा पिझ्झाही मिळतो.

या पिठात असतं तरी काय? १९७१ साली शास्त्रज्ञांनी त्यातला एक जंतू ओळखला आणि त्याला या शहराचंच नाव दिलं. पुढे तो जगभरच्या आंबट पिठांत सापडला. गंमत अशी, की पिठातली माल्टोज साखर हा जंतू खातो आणि शेजारचं यीस्ट तिला हातही लावत नाही. दोघांची चूल वेगळी, म्हणून भांडण नाही. एकत्र कुटुंबांनी धडा घ्यावा असंच!

घरी करून बघायचंय? काचेच्या बरणीत पन्नास ग्रॅम कणीक आणि तितकंच पाणी कालवा, वर सैल झाकण ठेवा. रोज अर्धं काढून उरलेल्यात कणीक-पाणी घाला. काढलेलं फेकू नका, धिरड्यांत घाला. (मात्र पहिल्या तीन-चार दिवसांचं टाकूनच द्या. गुलाबी किंवा नारिंगी झाक दिसली तर सगळंच टाका.) आठवड्याभराने ते घातल्यावर काही तासांत दुप्पट फुगू लागलं, की तयार समजा.

पिझ्झ्यासाठी पाव किलो मैदा, पन्नास ग्रॅम हे विरजण, दीडशे मिलिलिटर पाणी आणि चमचाभर मीठ मळून, फुगेपर्यंत झाकून ठेवा. आपल्या उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरतात, थंडीत रात्रभर लागेल. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर एक बाजू भाजा, उलटून टोमॅटोची चटणी आणि चीज पसरा, नि झाकण ठेवून मंद आंचेवर वाफ येऊ द्या.

आणि हो, सगळं पीठ मळून टाकण्याआधी चमचाभर मागे ठेवायला विसरू नका. लेक सासरी जाताना तिच्या सामानात एक छोटी बरणी देता येईल!