परदेशी पोलिसाने पैसे मागितले तर...

लातूर-नांदेडच्या शिकवण्यांतून नीट दिलेली कितीतरी मुलं एमबीबीएससाठी किर्गिझस्तान, रशिया, जॉर्जिया गाठतात. त्यांच्या पालकांनी हे वाचावंच.

लाचेशी पहिली गाठ बहुधा गावातच पडते. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीसाठी शिपायाला वेगळा एक रुपयाही द्यायचा नसतो. 36 पानी पासपोर्टच्या 1,500 रुपयांतच सारं येतं. मागणी झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर कळवा. 2018च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र जबरदस्तीने द्यावी लागली आणि 7 दिवसांत तक्रार केली, तर संरक्षण मिळतं.

परदेशात रस्त्यावर पोलिसाने अडवलं, तर त्याचं ओळखपत्र पाहायला मागा आणि दंड पोलीस ठाण्यातच, पावती घेऊन भरेन असं शांतपणे सांगा. रोख मागणारे बरेचदा इथेच माघार घेतात. पण कुणी बळजबरी करू लागला, तर पैसे जाऊ द्या, पोराचा जीव मोठा.

अटक झालीच, तर 1963च्या व्हिएन्ना कराराचं कलम 36 पाठीशी आहे: भारतीय दूतावासाला कळवा, अशी मागणी करण्याचा हक्क. दूतावास वकिलांची यादी देतो, भेटायला येतो. सुटका करणं त्याच्या हातात नसतं.

मे 2024 मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले, तेव्हा दूतावासाने मुलांना खोलीबाहेर पडू नका म्हणून कळवलं. दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक आजच मुलाच्या आणि स्वतःच्याही फोनमध्ये जपून ठेवा; ‘मदद’ या सरकारी पोर्टलवर घरी बसूनही तक्रार नोंदवता येते.